धागाकाम, गोधडी आणि हातकाम : खानदेशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील नातेवाईक, शेजारणी आणि शिकायला येणाऱ्या मुली वर्षानुवर्षे जे प्रश्न विचारत आल्या आहेत, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. आयुष्यभर हे काम केल्यानंतर माझे एक मत पक्के झाले आहे आणि ते बहुतेक उत्तरांत डोकावेल. आपण नमुन्याकडे फार लवकर वळतो आणि धाग्याकडे फार उशिरा पाहतो. ज्या मुलखात कापूस अंगणात रचलेला असतो, त्या मुलखात तरी हा क्रम उलटा असायला हवा.

धागाकामात नेमके काय काय मोडते?

कातणे, विणणे, माग चालवणे, क्रोशा, भरतकाम, गोधडी, दोर वळणे, रंगवणे आणि देवासाठी वाती व वस्त्रमाळा करणे, हे सगळे धागाकामच आहे. रुखवतात मांडलेल्या मण्यांच्या तोरणाचे कौतुक होते आणि त्याच घरातील आजीने वळलेल्या फुलवातींकडे कोणी पाहत नाही. वास्तविक कापसाचा तंतू ओढून त्याला पीळ देण्याची मूळ क्रिया फुलवातीत आहे, तोरणात नाही.

मला काहीच येत नाही. सुरुवात कशाने करावी?

घरातील जुने सुती धोतर, ओढणी किंवा विरत चाललेली साडी घ्यावी, तिचे हातभर लांबी-रुंदीचे दोन तुकडे एकावर एक ठेवावेत आणि जाड सुती दोऱ्याने धाव टाक्याच्या ओळी घालाव्यात. टाका लहान-मोठा झाला तरी उसवू नये, कारण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत हात कसा बसत गेला हे त्याच तुकड्यावर दिसते. धाव टाका बसला की उलटी टीप, देठ टाका, साखळी टाका आणि काज टाका या क्रमाने पुढे जावे. हे पाच टाके आल्यावर भरतकामातील बरेचसे काम हाती येते.

सुरुवातीलाच तयार संच विकत घेऊ नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. त्यात कापड, रंगीत दोरे, छापलेली नक्षी, सुई असे सगळे मिळते, परंतु यातील प्रत्येक वस्तू का निवडली हे कळत नाही आणि संच संपला की काम थांबते.

आमच्या शेतात कपाशी आहे. घरच्या कापसापासून सूत काढता येईल का?

येईल, आणि खानदेशात राहून हे एकदाही करून पाहिले नाही तर मोठी गंमत हुकली असे मी म्हणेन. आपल्याकडील कापूस शेतातून थेट जिनिंगमध्ये जातो, तेथे सरकी, म्हणजे बी, वेगळी होते, उरलेल्या तंतूंच्या म्हणजे रुईच्या सुमारे १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात, सौदा ३५६ किलोच्या खंडीच्या हिशेबाने होतो आणि तो माल बाहेरगावी निघून जातो. कापूस पिकवणाऱ्या घराला त्याचे सूत कसे दिसते हे अनेकदा माहीतच नसते.

कातण्यासाठी पहिल्या किंवा दुसऱ्या वेचणीचा, पूर्ण उमललेल्या बोंडांतील, दव सुकल्यानंतर वेचलेला स्वच्छ कापूस बाजूला काढावा. किडका, पिवळट कवडी कापूस आणि फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेल्या झाडांचा, कापूस घेऊ नये, कारण त्यात अपक्व तंतू जास्त असतात आणि सुतात गाठी येतात. पाला, काडीकचरा हाताने निवडावा व कापूस थोडा वेळ उन्हात ठेवावा, म्हणजे सरकी लवकर सुटते. ज्यांच्याकडे सरकी काढण्याचा जुना हातरेचा असेल त्यांनी तो वापरावा. नसेल तर पाटावर कापूस ठेवून गुळगुळीत लोखंडी सळईने दाब देत लोढावा, तंतू पाटावर राहतो आणि सरकी पुढे निसटते. एक किलो कापसातून रुई साधारण एक तृतीयांश निघते आणि उरलेली जवळजवळ सगळी सरकी असते.

त्यानंतर रुई पिंजणे आले. पूर्वी पिंजारी दारावर येऊन धुनकीने रुई पिंजून देत, आता ती सोय क्वचितच मिळते. थोड्या रुईसाठी कुत्र्या-मांजरांचे केस विंचरण्याचे तारांचे दोन ब्रश पुरेसे होतात. पिंजलेल्या रुईचा पातळ थर काडीभोवती गुंडाळून काडी ओढून काढली की पेळू तयार होतो. पेळू सैल आणि एकसारखा असावा. घट्ट वळलेला पेळू कातताना तुटत राहतो आणि नवशिका दोष स्वतःच्या हाताला देतो.

आता वाणाविषयी. सध्या शेतात दिसणारी बहुतेक कपाशी अमेरिकन जातीची संकरित बीटी आहे. या तंत्रज्ञानाला देशात २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच तिने बहुतेक क्षेत्र व्यापले. तिचा तंतू लांब, साधारण २८ ते ३० मिलिमीटरचा असतो, त्यामुळे तो नवशिक्याला सोपा जातो आणि बारीक सूत देतो. जुन्या देशी कपाशीचा तंतू आखूड व जाड असतो. त्याला पीळ जास्त द्यावा लागतो, परंतु त्याचे सूत जाडसर, भरीव होते आणि गादी-उशीत तो दबला तरी पुन्हा फुगतो. एखाद्या नातेवाइकाच्या बांधावर देशी कपाशीची चार झाडे असतील तर त्यांचा कापूस मागून घ्यावा आणि दोन्ही तंतू शेजारी ठेवून कातून पाहावेत. जे पुस्तक वाचून कळत नाही ते पेळू बोटांतून सरकताना कळते.

टकळी घ्यावी की चरखा?

टकळी, म्हणजे हाताने फिरवायची कताईची काडी. ती स्वस्त आहे, पिशवीत मावते, आणि पीळ किती झाला हे डोळ्यांना दिसते. तोल मात्र तपासून घ्यावा, फिरवल्यावर ती थरथरत असेल तर सूत एकसारखे येणार नाही. टकळीवर हात बसल्यानंतर पेटीचरखा घ्यावा. त्यात चाती, म्हणजे सूत पिळणारी सळई, चाकाच्या कितीतरी पट वेगाने फिरते, म्हणून चूकही वेगाने होते. अनेक चात्यांचा अंबर चरखा हे उत्पादनाचे यंत्र आहे, छंदासाठी त्याची गरज नाही.

सुताचा अंक म्हणजे काय आणि तो घरी कसा काढावा?

एक पौंड वजनाच्या सुतात ८४० यार्डांच्या जितक्या लड्या भरतात, तितका त्या सुताचा अंक असतो. म्हणून अंक जितका मोठा तितके सूत बारीक. ही पद्धत जुन्या मापांवर आधारलेली असली तरी खादी आणि गिरण्या दोन्हींकडे आजही तीच भाषा चालते. खादीतील गुंडी १००० मीटरची धरतात, त्यामुळे घरी हिशेब सोपा होतो. १००० मीटरची गुंडी सुमारे ५९ ग्रॅम भरली तर सूत १० अंकाचे आणि सुमारे ३० ग्रॅम भरली तर २० अंकाचे समजावे. नवशिक्याचे सूत बहुधा १० अंकाच्या अलीकडेच असते. त्यात कमीपणा नाही, कारण क्रोशाला आणि आसनांना असेच जाड सूत लागते. मात्र एकेरी सूत तसेच वापरू नये. ज्या दिशेने कातले त्याच्या उलट दिशेने दोन धागे एकमेकांत वळून घ्यावेत, म्हणजे पीळ समतोल होतो आणि विणलेला तुकडा तिरपा होत नाही.

गोधडीसाठी कोणते कापड चांगले आणि थर किती घालावेत?

वापरून मऊ झालेले सुती कापड चांगले. सुमारे ८ मीटर लांबीचे नऊवारी लुगडे चार पदरी दुमडले की पुरेशा लांबीची एक पातळ गोधडी तयार होते. साडेपाच मीटरची साडी तीन पदरी दुमडली तर लांबी थोडी कमी पडते, तेव्हा खाली किंवा वर दुसऱ्या कापडाची पट्टी जोडावी लागते. उन्हाळी रात्री गच्चीवर अंथरायला तीन थर पुरतात. धुळ्याकडील पौष-माघातील थंडीला पाच-सहा थर हवेत, परंतु सहाच्या पुढे हाताने सुई घालणे कष्टाचे होते आणि गोधडी वाळत नाही.

हल्ली प्रत्येक घरात सिंथेटिक साड्यांचा ढीग असतो आणि त्यांचे काय करावे असा प्रश्न हमखास येतो. वरच्या थराला रंगासाठी त्या वापराव्यात, अंगाला लागणारा थर मात्र सुतीच ठेवावा. सिंथेटिक कापड घाम शोषत नाही, सुईखाली सरकते आणि सुती थराशी शिवले तर धुतल्यावर सुती थर आटतो व वरचा तसाच राहतो, त्यामुळे गोधडीला फुगे येतात. हे टाळण्यासाठी सुती कापड आधी एकदा गरम पाण्यात भिजवून वाळवून घ्यावे.

शिवण्याआधी सगळे थर जमिनीवर ताणून पसरावेत, कडेला वजन ठेवावे आणि मोठ्या टाक्यांनी आडवे-उभे टाचून घ्यावे. टाचण्याचा कंटाळा करणाऱ्या व्यक्तीची गोधडी मध्यभागी उंच आणि कडेला वेडीवाकडी होते, याला मी अजून अपवाद पाहिलेला नाही. टाचून झाल्यावर काठ दुमडून शिवावा आणि नंतर काठापासून आत चौकोनात चौकोन घालत मध्याकडे जावे. ओळींमधील अंतर बोटभर ठेवले तर गोधडी टिकते, चार बोटे ठेवले तर लवकर होते आणि लवकरच फाटते. दोरा नेहमी वरच्या कापडाहून थोडा कमजोर असावा. ताण आला तर दोरा तुटलेला परवडतो, कारण तो पुन्हा घालता येतो, मात्र मजबूत नायलॉनचा दोरा जुने कापड कापत जातो.

बाळाच्या दुपट्याला गाठी मारू नयेत. दोऱ्याचे टोक दोन-तीन उलट्या टाक्यांनी थरांमध्ये जिरवावे आणि टिकल्या, मणी, जर यांपैकी काहीही लावू नये.

खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो. येथे विणकाम शिकून करायचे काय?

येथील उन्हाळा भाजून काढतो हे खरे, परंतु थंडीच्या पहाटे शेतात पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला कानटोपी आणि बिनबाह्यांचा स्वेटर लागतोच. त्यासाठी बाजारात लोकर म्हणून जे मिळते ते बहुधा ॲक्रिलिक असते. ते स्वस्त, धुवायला सोपे आणि रंगीत असते, परंतु ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटते, म्हणून शेकोटीजवळ बसणाऱ्या वृद्धांसाठी आणि चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बाईसाठी मी ते विणत नाही. खरी लोकर अशी पेटत नाही, ती जळून विझते. साक्रीच्या बाजूला ठेलारी मेंढपाळांचे कळप दिसतात. त्यांच्या मेंढ्यांची लोकर राठ असते आणि ती घोंगडीला योग्य, अंगालगतच्या कपड्याला नाही.

उरलेल्या आठ-नऊ महिन्यांसाठी सुती धागा वापरावा. पातळ जाळीदार टॉप, पिशव्या, दारावरचे पडदे, पाण्याच्या माठाची झाकणी हे सगळे सुतात उत्तम होते. सूत लोकरीसारखे ताणले जात नाही, म्हणून लोकरीसाठी लिहिलेला नमुना सुतात जसाच्या तसा विणू नये, आधी १० सेंटिमीटरचा चौकोन विणून, धुऊन, वाळवून मग मोजावा.

सुयांच्या क्रमांकांचा गोंधळ टाळण्यासाठी इतके लक्षात ठेवावे की आपल्या बाजारात जुनी ब्रिटिश पद्धत चालते, तिच्यात ८ क्रमांकाची सुई ४ मिलिमीटर, १० क्रमांकाची ३.२५ आणि १२ क्रमांकाची २.७५ मिलिमीटर असते. क्रमांक वाढला की सुई बारीक होते.

इंटरनेटवरील क्रोशाचा नमुना बरोबर केला तरी माप का चुकते?

बहुतेक वेळा दोन कारणे असतात. एक म्हणजे अमेरिकन आणि ब्रिटिश नमुन्यांत एकाच नावाचा टाका वेगळा असतो. आपण ज्याला मुका खांब म्हणतो त्याला अमेरिकन नमुन्यात सिंगल क्रोशे आणि ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे म्हणतात. नमुना कोणत्या पद्धतीचा आहे हे आधी पाहावे, शक्य असेल तर चिन्हांचा तक्ता वापरावा. दुसरे कारण हाताचा ताण. गोल रुमाल वाटीसारखा वर उचलला जात असेल तर टाके कमी पडत आहेत किंवा हात घट्ट आहे, कडेला झालर पडत असेल तर टाके जास्त झाले आहेत.

रावेर-यावलकडे केळीची खोडे टाकून देतात. त्यांचा धागा घरी काढता येतो का?

केळीचे झाड एकदा घड देऊन संपते आणि खोड शेतात उरते, त्यामुळे हा विचार कोणाच्याही मनात येणे साहजिक आहे. खोडाच्या पापुद्र्याचा तुकडा पाटावर ठेवून बोथट सुरीने गर खरवडला की चमकदार तंतू हाती येतात, हे एकदा मुलांना दाखवण्यासारखे आहे. बाहेरील पापुद्र्यांचा तंतू राठ आणि आतील पापुद्र्यांचा मऊ असतो. परंतु खोडात बहुतांश पाणीच असते, एका खोडातून मिळणारा धागा फार थोडा असतो आणि हाताने खरवडण्यात दिवस जातो. यंत्राने काढलेला धागा विकत घ्यावा आणि त्याच्या चटया, पिशव्या, टोपल्या, दिव्यांची आवरणे करावीत. हा तंतू कडक असून कमी ताणला जातो, म्हणून अंगावर घालायच्या कापडासाठी तो सुतात मिसळावा लागतो. केळीच्या रेशमाची साडी वगैरे जाहिराती वाचताना त्या कापडात केळीचा धागा किती आणि दुसरा किती हे विचारावे.

वाळलेल्या सोपटाचे, म्हणजे खोडाच्या सुकलेल्या पापुद्र्याचे, मात्र मी मनापासून समर्थन करते. ते ओले करून चिरले की हार-गजरे बांधायला, वेणी घालून आसने करायला तयार, आणि त्याला यंत्रही लागत नाही.

हे सगळे बायकांचेच काम ना?

नाही. रुई पिंजणारे, मागावर बसणारे साळी-कोष्टी, घोंगडी विणणारे, अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचा तंतू, काढून दोर वळणारे हे बहुतेक पुरुषच होते. पोळ्याच्या आधी नवे कासरे, दावी, मोरख्या, वेसणी वळण्याचे काम गावोगाव चाले आणि त्यात पिळाचे जे ज्ञान लागते ते कातणाऱ्या बाईच्या ज्ञानाहून वेगळे नाही. तीन पदर एका दिशेने पिळून उलट दिशेने एकत्र वळले की दोर स्वतःला धरून ठेवतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येऊन ज्या झोक्यावर बसत, तो अशाच दोरावर बांधलेला असे. नायलॉनने हे काम जवळजवळ संपवले, तरी अंबाडीचा दोर गुरांच्या मानेला कमी काचतो हे जुने शेतकरी अजूनही सांगतात.

स्वातंत्र्यलढ्यात तर चरखा पुरुषांच्याही हातांत दिसला. टकळी आणि कताईवर अनेक वर्षे प्रयोग करणारे विनोबा १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात होते. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन यावल तालुक्यातील फैजपूरला झाले. तेथील खादी व ग्रामोद्योग प्रदर्शनाचे उद्घाटन गांधीजींनी केले आणि मंडपाची सजावट चित्रकार नंदलाल बोस यांनी गावात मिळणाऱ्या साध्या साहित्यातून केली होती. घरातील मुलगा सुई हातात घेत असेल तर त्याला हसू नये, एवढे या निमित्ताने सांगावेसे वाटते.

बंजारा भरतकाम शिकून ते वापरले तर चालेल का?

चाळीसगाव, जामनेर या तालुक्यांत बंजारा तांडे आहेत आणि तेथील जुन्या फेटिया-कांचळीवरील (घागरा-चोळीवरील) आरसे, कवड्या, चौकोनी ठिगळे आणि भरगच्च टाके पाहिले की शिकण्याची इच्छा होणारच. शिकावे, परंतु तांड्यावरील एखाद्या आजीकडून, तिच्या वेळेचे पैसे देऊन शिकावे, आणि विकताना हे कोणाचे काम आहे ते सांगावे. जुने फेटिये कापून त्यांच्या पर्स आणि उशांचे अभ्रे करून विकण्याचा जो व्यापार चालतो तो मला मान्य नाही. फेटिया वर्षानुवर्षे भरलेला असतो, तो एकदा कापला की त्यावरील मांडणी पुन्हा वाचता येत नाही.

घरी नैसर्गिक रंग कसा द्यावा? हळदीचा रंग का उडतो?

हळद कापडाला लगेच रंग देते आणि उन्हात तितक्याच लगेच सोडते. तिला पक्की करण्याचे घरगुती उपाय फारसे उपयोगी नाहीत, म्हणून धुण्याच्या कपड्यासाठी ती वापरू नये. पळसाच्या फुलांचा पिवळा-केशरी रंग होळीच्या सुमारास सातपुड्याच्या पायथ्याशी फुकट मिळतो, परंतु सुती कापडावर तोही हळूहळू फिका होतो. टिकाऊ पिवळ्यासाठी डाळिंबाची साल घ्यावी.

१०० ग्रॅम सुती कापडासाठी पद्धत अशी आहे. कापड धुण्याच्या सोड्यात उकळून त्यातील खळ आणि मेण काढून टाकावे. २० ग्रॅम हरड्याची पूड पाण्यात भिजवून त्यात कापड रात्रभर बुडवावे, पिळून न धुता सावलीत वाळवावे. दुसऱ्या दिवशी १५ ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात काही तास ठेवावे. त्यानंतर ५० ते १०० ग्रॅम वाळलेली डाळिंबाची साल तासभर उकळून गाळलेल्या पाण्यात कापड मंद आचेवर ठेवावे. हरड्याचा तुरटपणा सुताला धरतो, तुरटी त्या तुरटपणाला धरते आणि रंग तुरटीला धरतो, म्हणून यातील एकही पायरी गाळू नये. गंजलेले लोखंड आणि गूळ पाण्यात कित्येक दिवस आंबवून केलेले काळे पाणी हरड्याच्या कापडावर पडले की राखाडी ते काळा रंग येतो. हे मिश्रण आणि तुरटीचे पाणी यांची भांडी स्वयंपाकात पुन्हा आणू नयेत.

बोअरच्या जड पाण्यात रंग मळकट येतो. पावसाचे साठवलेले पाणी वापरून पाहावे, फरक दिसेल.

लाल रंगाविषयीही विचारणा होते. एके काळी खानदेश, वऱ्हाड आणि माळव्यात आल नावाचे झुडूप त्याच्या मुळांतील लाल रंगासाठी लावले जात असे. १८६८ मध्ये जर्मनीत मंजिष्ठा वर्गातील वेलींच्या मुळांतील लाल द्रव्य प्रयोगशाळेत तयार झाले, पुढे ते स्वस्तात बाजारात आले आणि आलाची शेती टिकली नाही. आज घरगुती कामासाठी मंजिष्ठा विकत घेणे हाच सोपा मार्ग आहे.

हे विकून घर चालेल का?

एकटीच्या हातकामावर घर चालेल असे मी कोणालाही सांगत नाही. बचत गटांची प्रदर्शने, सणांचे दिवस आणि ओळखीचे ग्राहक मिळून हातखर्च निघतो. किंमत काढताना बहुतेक जणी साहित्याचा खर्च दुप्पट करून मोकळ्या होतात, हे चुकीचे आहे. गोधडीत साहित्य जवळजवळ फुकटचे आणि तास पुष्कळ असतात. तास लिहून ठेवावेत, त्यांना किमान शेतमजुरीचा दर लावावा, त्यात दोरा, वीज, प्रवास मिळवावा. आलेला आकडा ग्राहकाला जास्त वाटला तर लहान वस्तू करावी, तासांचा दर कमी करू नये. एकीने स्वस्तात विकले की गावातील सगळ्याजणींचा भाव पडतो. जत्रेत यंत्रावर शिवलेल्या गोधड्यांशी भावाची स्पर्धा करण्याचा विचारही सोडून द्यावा.

लोकरीचे कपडे कसर खाते, सुतीला काय होते?

कसर लोकर, रेशीम, केस खाते, सुताला ती सहसा लागत नाही. परंतु खळ घातलेले सुती कापड चंदेरी किडे खातात, म्हणून साठवणीचे कापड खळ काढून, पूर्ण वाळवून ठेवावे. कडुनिंबाचा पाला ठेवण्याची पद्धत चांगली आहे, मात्र तो खरा उपाय नव्हे. दर दोन-तीन महिन्यांनी कपडे बाहेर काढून झटकून उन्हात घालणे हाच उपाय आहे आणि आपल्याकडे उन्हाला तोटा नाही. घडी दर वेळी वेगळ्या रेषेवर घालावी, नाहीतर कापड त्याच रेषेवर चिरते.

मुलांना कोणत्या वयात शिकवावे?

पाच-सहा वर्षांच्या मुलाला वस्त्रमाळ करायला द्यावी. कापूस ओढायचा, थोडा पिळायचा, कुंकवाचे बोट लावायचे, सुई नाही आणि इजा नाही. आठव्या वर्षापर्यंत बोथट सुई व जाड सुतळी, त्यानंतर क्रोशाची सुई. टकळी बहुतेक मुलांना दहाव्या वर्षाच्या सुमारास जमते. भुलाबाईच्या (मुलींच्या गाण्यांच्या सणाच्या) दिवसांत मुली रोज संध्याकाळी जमतात, तेव्हा शिकवणे सोपे जाते.

मान आणि डोळे दुखतात, काय करावे?

काम डोळ्यांपर्यंत उचलावे, मान कामापर्यंत वाकवू नये. मांडीवर उशी ठेवली की निम्मा त्रास जातो. अर्ध्या तासाने उठावे, काळ्या कापडावरचे काम दिवसा करावे. बोटांना मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना दाखवावे.

जवळपास पाहण्यासारखे काय आहे?

जळगावच्या गांधी तीर्थ संग्रहालयात गांधीजींच्या जीवनाबरोबर चरखा-खादीचा विचारही समजून घेता येतो. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत लगाम, गोंडे, दोर आणि सजावटीचे सामान विकायला येते, तेथे गोंड्यांचे बांधकाम जवळून पाहावे. अमळनेरला प्रताप मिल या कापड गिरणीमुळे एक पिढी सूत आणि माग यांच्या भाषेत बोलत होती. त्यांतील वृद्ध कामगार भेटले तर ताणा-बाणा, धोटा, फणी यांविषयी अवश्य विचारावे. धरणगावचे नाव आज या संदर्भात कोणी घेत नाही, परंतु सतराव्या शतकात तेथील सुती कापडासाठी इंग्रजांनी वखार घातली होती.

आजीची फाटकी गोधडी आहे. दुरुस्त करावी की नवी शिवावी?

आधी ती उजेडात धरून पाहावी. फक्त वरचा थर विरला असेल आणि आतील थर शाबूत असतील तर जुने टाके न उसवता वरून मऊ सुती कापडाचा नवा थर घालावा आणि जुन्या ओळींच्या मधोमध नव्या ओळी शिवाव्यात. ठिगळ लावताना ते छिद्राहून चारही बाजूंनी दोन बोटे मोठे घ्यावे, कारण छिद्राभोवतीचे कापडही विरलेलेच असते. आतील थर चोळल्यावर पिठासारखे सुटत असतील तर शिवणकामाचा उपयोग नाही. तेव्हा शाबूत भाग कापून त्याचे दुपटे किंवा उशीचे आवरण करावे, आणि ते यंत्रात न धुता टबमध्ये साबणाच्या पाण्यात दाबून धुवावे, पिळू नये, खाटेवर आडवे पसरून वाळवावे.